खळ

बाप गिरणीत होता असं मी सांगते,
पण मागावर नव्हता तो.
पिंजणखात्यात करंगळी गेली
तेव्हापासून त्याला भिंतींवर लावलेलं.

साल फसलीत मोजायचे तेव्हा.
लढाई कुठंतरी होती,
नांदेडात तिचा फक्त रंग आलेला :
खाकी.
गिरणीमागच्या नालीतून तो गंगेपर्यंत जायचा
आणि घाटावरच्या परटिणी
जर्मनाला नाही, मॅनेजरला शिव्या द्यायच्या.

हैदराबादहून गठ्ठे यायचे, सुतळीनं आवळलेले.
वर उर्दूत, खाली आपल्या अक्षरांत :
मालक मजूर एकदिल, फतेह आपली.
बापाला दोन्ही वाचता येत नव्हतं.
तो चित्रावरून सुलटं-उलटं ठरवायचा,
विमान वर, हात खाली.

दोन हात, एकमेकांत घट्ट.
एकाला कोटाची बाही, पितळी बटण.
दुसऱ्याची बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली.
नखं दोघांचीही स्वच्छ.
मी विचारलं, यातला तुझा कोणता?
बाप म्हणाला, बादली धर नीट.

खळीसाठी गोदामातून मैदा मिळायचा,
आठवड्याला दोन शेर, अंगठा देऊन.
त्या साली सरकारी दुकानात
ज्वारी किड्यासकट तोलायचे,
माणशी किती ते सकाळी पाटीवर लिहायचे
आणि दुपारी पुसायचे.

आईनं पहिल्यांदा मूठभरच काढला.
पाण्यात शिजवला, मिठाचा खडा टाकला.
धाकटा जनाबा ते पिऊन
न रडता झोपला.
पुढच्या आठवड्यात दोन मुठी.
मग शेरातला अर्धा.
खळ ताकासारखी झाली,
मग ताकावरच्या निवळीसारखी.

कागद सुटायला लागले.
मजुराचा हात आधी सुटायचा.
त्यात काही अर्थ नव्हता,
बाप उजवीकडून सुरू करायचा
आणि डावीकडं पोचेस्तोवर
कुंचल्यात काही उरायचं नाही, एवढंच.

इतवाऱ्यात, चौफाळ्यात, गिरणीच्या फाटकाशी
कोटाचा हात एकटाच पुढं केलेला.
रातपाळीवाले थांबून बघायचे.
कुणीतरी त्या तळव्यावर
शेणानं एक पै चिकटवली.
आख्खी पाळी हसली त्या दिवशी,
बाप सोडून.

टाइमकीपर धर्मापुरीकर म्हणाले,
हे युनियनवाल्यांचं काम.
ताणाखात्यातला रहेमतअली
आणि किशन बोरगडे,
दोघांना फाटकाबाहेर काढलं.
बाप बिल्ला चाचपत उभा होता.
संध्याकाळी भाकरी टोपल्यात तशीच राहिली,
सकाळी ती जनाबानं खाल्ली.

मग हुकूम आला :
शेळ्या कागद चाटतात,
यापुढं मैदा मोरचूद घालूनच मिळेल.
आईनं पुडी उघडली.
बोटाचं टोक जिभेला लावलं, थुंकली,
आणि पुडी परत बांधली,
गाठ मारायला तिला
फार वेळ लागला.

आता कागद असे बसले
की नखानं निघेनात.
लढाई संपली, निजामी संपली,
भिंतीला चुन्याचे हात बसले किती,
पावसाळ्यात ओल आली
की चुन्यातून आधी विमान दिसायचं,
मग बटण.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.
मोरचूद आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी
स्टेशनाच्या भिंतीशी रहेमतअली भेटला,
डोक्यावर फुटाण्यांची पाटी.
बाप शिडीवरून उतरला.
तोंड उघडलं त्यानं, पण शब्द निघेना.
रहेमतअलीच म्हणाला,
मालूम था रे सटवा. बच्चे ने खाया ना?
आणि फुटाण्यांची पुडी
माझ्या ओच्यात टाकली.

बाप काय बोलला, मला ऐकू आलं नाही.
गाडी शिटी देत होती,
आणि मी बादली धरून होते
दोन्ही हातांनी,
बोटं निळी झालेली,
फुटाणे खावेत की नाही
ते कळत नव्हतं.